सर्दी-तापाच्या गोळ्या आणि लिव्हर: सारखे विचारले जाणारे प्रश्न

परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. दिवाळी झाली, सकाळी धुकं पडायला लागलं की काउंटरवर एकच गर्दी असते, कुणाचं नाक गळतंय, कुणाचा घसा धरलाय, आणि रात्री दहाला व्हॉट्सॲपवर स्ट्रिपचे फोटो येतात, "ही चालती का", "लिव्हरला काही होत नाही ना". तेच तेच प्रश्न फिरून येतात म्हणून सगळे एका जागी लिहून काढले. तुमच्या डॉक्टरांनी तुमची तब्येत बघून काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

१. सर्दीच्या गोळीनं लिव्हर खराब होतं हे खरं का हो?

ठरलेल्या डोसात दोन-तीन दिवस घेतली तर धडधाकट माणसाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते जास्त घेतल्यावर, आणि त्यातलं मुख्य औषध म्हणजे पॅरासिटामॉल. तापाची साधी गोळी असो नाहीतर सर्दीची रंगीत गोळी, बहुतेकांत हे असतंच.

आत काय होतं ते सांगतो. गोळीतलं बहुतेक पॅरासिटामॉल लिव्हर साधेपणानं निकाली काढतं, पण थोडा हिस्सा, साधारण ५ ते १० टक्के, एका विषारी पदार्थात बदलतो. लिव्हरमध्ये ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य असतं, ते या विषाला बांधून निरुपद्रवी करतं. मोंढ्यात सोयाबीनची आवक असते ना, तसं समजा. बारदाना आहे तोवर माल भरून थप्पीला लागतो, बारदाना संपला की माल उघड्यावर. ग्लुटाथायोन म्हणजे हा बारदाना, तो संपला की ते विष थेट लिव्हरच्या पेशी मारतं. दारू, उपाशीपोट, कुपोषण यात बारदाना आधीच कमी असतो, त्याचं पुढं ७ आणि ८ मध्ये लिहिलंय.

२. माझ्या गोळीत पॅरासिटामॉल आहे का नाही हे कळणार कसं?

स्ट्रिप उलटी करा. मागच्या चंदेरी बाजूला बारीक इंग्रजी अक्षरात घटक लिहिलेले असतात, त्यात पॅरासिटामॉल शोधा आणि त्याच्यापुढचा मिलिग्रॅमचा आकडा बघा. पुढचं मोठं नाव कंपनीचं असतं, त्यावरून काही कळत नाही. अक्षर दिसत नसेल तर मोबाईलनं फोटो काढून मोठा करा, घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोरीला वाचायला लावा. डोलो ६५० मध्ये ६५० मिलिग्रॅम, क्रोसिन ॲडव्हान्समध्ये ५००, कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेनबरोबर ३२५ असतं. सिनारेस्ट, डी कोल्ड टोटल, विक्स ॲक्शन ५००, सारिडॉन या सगळ्यांतही पॅरासिटामॉल आहे. एकाच नावाच्या दोन-तीन जाती निघतात आणि कंपन्या घटक बदलतात, म्हणून दरवेळी हातातली स्ट्रिपच वाचायची.

खरी पंचाईत सुट्या गोळ्यांची आहे. दोन गोळ्या कापून दिल्या की नावाचा भाग दुकानात राहतो आणि घरी येतो नुसता चंदेरी तुकडा. मी आता सुट्या गोळ्या देताना मागच्या बाजूला पेननं नाव आणि मिलिग्रॅम लिहून देतो. तुमचा मेडिकलवाला लिहीत नसेल तर लिहून मागा, त्यात लाजायचं काही नाही. गावातल्या दवाखान्यातून कागदाच्या पुडीत पांढरी, पिवळी, गुलाबी अशा गोळ्या मिळतात तेव्हाही विचारा, "डॉक्टरसाहेब, यात तापाची कोणती?" आणि पुडीवर खूण करून घ्या.

३. दिवसाला जास्तीत जास्त किती गोळ्या चालतात?

मोठ्या निरोगी माणसासाठी २४ तासांत ४ ग्रॅम म्हणजे ४००० मिलिग्रॅम ही शेवटची हद्द धरतात. हद्द म्हणजे तिथपर्यंत जायचंच असं नाही. मी गिऱ्हाइकाला ३ ग्रॅमच्या आतच राहायला सांगतो, म्हणजे ५०० ची असेल तर दिवसभरात सहा, ६५० ची असेल तर चार, आणि दोन डोसांमध्ये निदान चार ते सहा तास गेले पाहिजेत. ताप उतरला की गोळी बंद. तीन दिवसांत ताप हटला नाही तर गोळी वाढवायची नाही, डॉक्टर गाठायचा.

वजनाकडं कुणी बघतच नाही. आमच्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बाया चाळीस किलोच्या आसपास असतात. ५० किलोच्या खालच्या माणसाला एका वेळी किलोमागं १५ मिलिग्रॅम आणि दिवसभरात किलोमागं ६० च्या वर जायचं नाही. चाळीस किलोला हिशेब लावला तर एका वेळी ६०० आणि दिवसभरात २४००, म्हणजे त्यांच्यासाठी ६५० पेक्षा ५०० चीच गोळी बरी.

हद्दीला चिकटून बरेच दिवस घेणंही लिव्हरला जाणवतं. २००६ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापून आला, त्यात निरोगी लोकांना रोज ४ ग्रॅम असं दोन आठवडे दिलं तर साधारण एकतृतीयांश जणांचं एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्त तपासणीत वाढून येणारा आकडा) नॉर्मलच्या तिपटीवर गेलं. त्यांना त्रास काही जाणवला नव्हता. पण पाठदुखीसाठी महिनोन्महिने रोज गोळी खाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

४. तापाची, सर्दीची आणि अंगदुखीची अशा तीन वेगळ्या गोळ्या घेतो, वेगळ्याच आहेत म्हणल्यावर काय होतंय?

हे सगळं लिहायला बसलो ते याच प्रश्नासाठी.

मागच्या हिवाळ्यात शेजारच्या वाडीचे एक काका आले, साठीच्या पुढचे, आणि मफलरच्या गाठीतून तीन स्ट्रिपा काढून काउंटरवर मांडल्या, ॲसिडिटीची गोळी द्या म्हणले, मळमळतंय. तापाची ६५० ची गोळी दिवसातून तीनदा, ती पोरानं शहरातून आणलेली. सर्दीची गोळी तीनदा, ती बसस्टँडजवळच्या दुकानातून घेतलेली. अंगदुखीची लाल गोळी दोनदा, ती शेजाऱ्यानं दिलेली. मी बिलाच्या मागं हिशेब मांडला, ६५० त्रिक १९५०, सर्दीच्या गोळीत ५०० होतं म्हणून १५००, लाल गोळीत ३२५ होतं म्हणून ६५०. बेरीज ४१००. काका म्हणले, "मी तर एक पण गोळी जास्तीची खाल्ली नाही." आणि ते खरंच होतं, प्रत्येक गोळी त्यांनी सांगितल्याप्रमाणंच घेतली होती. चार दिवस हे चाललं होतं, जेवण कमी, वजन जेमतेम ४८. तिन्ही स्ट्रिपा ठेवून घेतल्या आणि ॲसिडिटीची गोळी न देता त्यांना तसंच दवाखान्यात पाठवलं. एसजीपीटी वाढलेलं निघालं, गोळ्या बंद केल्यावर दोन-तीन आठवड्यांत उतरलं.

म्हणून गोळ्या मोजू नका, मिलिग्रॅम मोजा. तापाची गोळी चालू असेल तर पॅरासिटामॉल असलेली सर्दीची गोळी घ्यायची नाही, नुसतं नाक गळत असेल तर नुसती ॲलर्जीची गोळी मिळते, ती मागा. दवाखान्यात सुई टोचली किंवा सलाईन लावलं तर त्यातून पॅरासिटामॉल गेलं का ते विचारून तेही बेरजेत धरा. दुकानदारानंही विचारायला पाहिजे की आधीपासून काय चालू आहे, गर्दीत आमच्याकडून राहून जातं, ही आमच्या धंद्याचीच चूक आहे.

५. सर्दीच्या गोळीतली बाकीची औषधं लिव्हरला त्रास देतात का?

फारसा नाही. क्लोरफेनिरामिन किंवा सेट्रिझिन नाक वाळवतं आणि झोप आणतं, लिव्हरला त्यानं क्वचितच काही होतं, पण गोळी खाऊन मोटारसायकल चालवू नका. फेनिलेफ्रिन नाक मोकळं करायला घालतात, त्यानं बीपी वाढू शकतं, आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीनं तर पोटातून घेतलेल्या फेनिलेफ्रिनचा बंद नाकाला उपयोगच होत नाही असं एकमतानं सांगितलं. गरम पाण्याची वाफ किंवा मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब त्यापेक्षा बरे.

६. निमेसुलाईडची गोळी लवकर ताप उतरवती, ती का नको म्हणता?

ताप उतरवते हे खरं, पण कुणाकुणाचं लिव्हर ती अचानक आणि जबर बिघडवते, आणि कुणाचं बिघडणार हे आधी सांगता येत नाही. पॅरासिटामॉलचं गणित डोसावर असतं, हिचं तसं नाही, नेमक्या डोसातही होऊ शकतं. फिनलंड आणि स्पेनमध्ये २००२ मध्ये आणि आयर्लंडमध्ये २००७ मध्ये ती बाजारातून काढली, अमेरिकेत तिला कधी मंजुरीच मिळाली नाही, आपल्याकडं २०११ पासून १२ वर्षांखालच्या लेकरांना द्यायला बंदी आहे. निमेसुलाईड आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी गावोगाव मागितली जाते, "ती पिवळी द्या" म्हणून. मी चिठ्ठीशिवाय देत नाही, गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलं तरी चालेल.

७. रात्री थोडी घेतो, मग सर्दीची गोळी खाल्ली तर चालेल का?

रोज पिणाऱ्याच्या लिव्हरमध्ये दोन गोष्टी होतात, पॅरासिटामॉलचं विषात रूपांतर करणारं यंत्र जोरात चालायला लागतं आणि बारदाना (प्रश्न १ बघा) कमी पडतो. रोज घेणाऱ्यानं दिवसभरात २ ग्रॅमच्या वर जाऊच नये, तेही डॉक्टरला पिण्याचं खरं सांगून. बायकोसमोर सांगायला अवघड वाटत असेल तर एकटं जाऊन सांगा पण सांगा. हातभट्टी, देशी, इंग्लिश, लिव्हरला सगळं सारखंच. "ब्रँडीनं सर्दी जाती" म्हणून वर गोळी खायची सवय लई वाईट, ब्रँडीनं सर्दी जात नाही.

८. नवरात्राचा उपास आहे आणि ताप आलाय, गोळी घेऊ का?

एका दिवसाच्या एकादशीला एखादी गोळी घेतल्यानं काही होत नाही. नऊ दिवस नुसत्या पाण्यावर किंवा एकवेळच्या फराळावर असाल तर ग्लुटाथायोन घटतं, तेव्हा डोस कमी ठेवा आणि काहीतरी खाऊनच घ्या. माझ्या आईलाही मी हेच सांगतो, ताप आल्यावर उपास सोडला तर देवी रागवत नाही. आजारपणात चार दिवस अन्नच गेलं नसेल तेव्हाही हेच लागू, मग ते लेकरू असो का म्हातारं माणूस.

९. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालंय, आता पॅरासिटामॉल बंद आणि ब्रुफेन चालू करू का?

नको. इथं बहुतेकजण उलटं करतात. फॅटी लिव्हर असलं तरी नेहमीच्या डोसात पॅरासिटामॉल चालतं. लिव्हर सुजलेलं, आकसलेलं असेल, म्हणजे सिरॉसिस, पोटात पाणी, तरी डॉक्टर बहुतेकदा पॅरासिटामॉलच देतात, दिवसाला २ ग्रॅमच्या आत. ब्रुफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी अशा पेशंटला पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि किडनी बंद पडू शकते, ते जास्त धोक्याचं. म्हणजे लिव्हरवाल्याला पॅरासिटामॉल विष नाही, जास्त पॅरासिटामॉल विष आहे. आधीची कावीळ किंवा हेपॅटायटिस बी, सी असेल तर आपल्या मनानं काहीच घेऊ नका.

१०. लेकराला किती द्यायचं? चमच्यानं दिलं तर चालतंय का?

वयावर नाही, वजनावर द्यायचं. एका वेळी किलोमागं १० ते १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतरानं, दिवसात चारदाच्या वर नाही. दहा किलोच्या लेकराला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम झालं.

आता चूक कुठं होती बघा. थेंबांच्या छोट्या बाटलीत १ मिलीमध्येच १०० मिलिग्रॅम असतं, आणि सिरपच्या मोठ्या बाटलीत ५ मिलीमध्ये १२० किंवा २५०. सिरप संपलं म्हणून आजीनं ड्रॉपची बाटली घेऊन "रोजचाच चमचा" भरून दिला तर ५ मिलीत ५०० मिलिग्रॅम गेलं, पाहिजे त्याच्या तिप्पट-चौपट, आणि दिवसातून चारदा तसंच झालं तर लेकराचं लिव्हर धोक्यात. घरातला चमचा वापरू नका, बाटलीबरोबरचं मापाचं झाकण किंवा ड्रॉपरच वापरा, किंवा मेडिकलमधून सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज घ्या, पाच-सात रुपयाला मिळती. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर औषध न देता थेट दवाखाना. ॲस्पिरिन लेकरांना द्यायचंच नाही, त्यानं लिव्हर आणि मेंदू दोन्हींवर जाणारा रे सिंड्रोम नावाचा आजार होऊ शकतो. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध ४ वर्षांखाली द्यायचं नाही, केंद्राच्या औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात तशी सूचना लेबलवर छापायला सांगितलीय.

११. २०२५ मध्ये कफ सिरपनं लेकरं गेली, ते लिव्हरमुळं का?

नाही, ते किडनीचं होतं. मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडं ज्या सिरपनं लेकरं दगावली त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं, त्यानं किडन्या निकामी झाल्या. तो भेसळीचा प्रकार, डोसाचा नाही. तरी धडा आपल्यालाही आहे, लहान लेकराच्या साध्या सर्दीला कफ सिरप लागतच नाही.

१२. टीबीच्या गोळ्या चालू आहेत, सर्दी झाली तर काय घेऊ?

टीबीच्या औषधांतली आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड तिन्ही लिव्हरवर ताण देतात, त्यात पॅरासिटामॉलची भर होईल तेवढी कमी बरी. एखाद-दुसरी गोळी चालते, पण आधी आशाताईला किंवा टीबीच्या दवाखान्यात विचारा. भूक मेली, उलट्या, लघवी गडद पिवळी असं दिसलं तर त्याच दिवशी जा. फिटच्या गोळ्या (फेनिटॉइन, कार्बामाझेपिन) आणि संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनीही हेच करावं.

१३. डेंग्यूत एसजीपीटी वाढलंय, तरी डॉक्टर पॅरासिटामॉलच देतात, हे कसं?

डेंग्यूचा विषाणू स्वतःच लिव्हर सुजवतो म्हणून रिपोर्ट वाढलेला येतो. ब्रुफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक दिलं तर रक्तस्रावाचा धोका, म्हणून पॅरासिटामॉलच राहतं. पण ताप उतरत नाही म्हणून दोन तासांनी परत गोळी, असं डेंग्यूत मुळीच करू नका, अंग कोमट पाण्यानं पुसा. पोट दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त दिसलं तर लगेच ॲडमिट.

१४. गोळ्यांपेक्षा गुळवेलीचा काढा बरा ना, त्याला साइड इफेक्ट नाही?

असं नसतंय. कोरोनाच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या ६ जणांचं लिव्हर बिघडल्याचं २०२१ मध्ये छापलं, आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, दुसरीच वनस्पती असावी असं म्हणलं. वाद असला तरी घरामागची वेल ओळखून तोडणारे आता थोडे राहिलेत, त्यामुळं आधीच लिव्हरचा त्रास असणाऱ्यांनी लांबच राहावं. हळदीचंही विचारतात. आपली वसमतची हळद दुधात चमचाभर टाकली तर काही होत नाही, पण मिरीचा अर्क घातलेल्या करक्युमिनच्या तीव्र कॅप्सुलांनी लिव्हर सुजल्याच्या नोंदी आहेत, त्या आणि स्वयंपाकातली हळद एक नव्हे. आलं, गवती चहा, तुळस, मध खुशाल घ्या, फक्त वर्षाखालच्या बाळाला मध नको.

१५. सर्दीला ॲझिथ्रो किंवा ऑगमेंटिनचा कोर्स घेतला तर लवकर बरं वाटतं, लिव्हरला चालतं का?

सर्दी विषाणूची, ॲन्टिबायोटिकचा तिच्यावर काही परिणाम नाही, ती तशीही आठवड्यात जाते आणि श्रेय गोळीला मिळतं. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह, म्हणजे ऑगमेंटिनमधलं औषध, हे तर औषधानं लिव्हर बिघडण्याच्या कारणांत जगभर वरच्या नंबरला आहे, कधीकधी कोर्स संपल्यावर दोन-तीन आठवड्यांनी कावीळ दिसते, तोवर गोळी खाल्ल्याचं माणूस विसरलेलं असतं.

१६. तापाच्या गोळ्या खाल्ल्या आणि आठ दिवसांनी डोळे पिवळे झाले, गोळीमुळंच ना?

असेलही, पण आमच्या भागात जास्त शक्यता पाण्याची. हेपॅटायटिस ए आणि ई ची सुरुवात अगदी सर्दी-तापासारखी होते, अंग दुखतं, कणकण येते, आपण गोळ्या खातो, मग कावीळ उघडी पडते. उन्हाळ्यात टँकरचं पाणी आणि पहिल्या पावसात गढूळ झालेली विहीर, या दोन वेळा सांभाळा, पाणी उकळून प्या. डोळे पिवळे दिसले की सगळ्या गोळ्या बंद करून एसजीपीटी, बिलिरुबिन आणि रक्त गोठण्याची पीटी तपासणी करा. कावीळ उतरवणाऱ्याकडं जाऊन माळ घालण्यात आणि नाकात औषध टाकण्यात आठ दिवस घालवू नका. गरोदर बाईला कावीळ झाली तर एक दिवसही थांबायचं नाही, हेपॅटायटिस ई शेवटच्या महिन्यांत जिवावर बेततो. (गरोदरपणात साध्या तापाला पॅरासिटामॉल चालतं, कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस, डॉक्टरला विचारून. ब्रुफेन नको.)

१७. गोळीबरोबर लिव्हरचं टॉनिक घेतलं तर नुकसान भरून निघतं का?

नाही. टॉनिक प्यायलं म्हणून जास्त गोळ्या पचत नाहीत. पॅरासिटामॉलच्या विषावर उतारा एकच आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन, तो बारदाना परत भरतो, आणि तो दवाखान्यात वजनानुसार देतात.

१८. गोळ्या जास्त गेल्या, पण त्रास काहीच नाही, सकाळपर्यंत वाट बघू का?

बघू नका. या विषाची हीच मोठी फसवणूक आहे, पहिल्या दिवशी नुसतं मळमळतं किंवा काहीच होत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखाली दुखायला लागतं, आणि डोळे पिवळे होईस्तोवर बरंच लिव्हर गेलेलं असतं. उतारा पहिल्या ८ तासांत सुरू झाला तर लिव्हर जवळजवळ नक्की वाचतं, उशीर झाला तरी देतात आणि फायदा होतो, पण आधीचे तास सोन्याचे. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. १०८ लावा किंवा गाडी करा, छोट्या दवाखान्यात उतारा नसेल तर तिथं न थांबता संभाजीनगरचं घाटी, नांदेड, लातूर, अंबाजोगाई यातलं जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. रिकाम्या स्ट्रिपा पिशवीत घ्या, किती वाजता आणि किती गेल्या ते कागदावर लिहा. लेकरानं बाटली तोंडाला लावली असेल तर बाटलीही सोबत न्या.

आणि कुणी रागानं किंवा जीव नकोसा होऊन गोळ्या खाल्ल्या असतील तर रस्त्यात त्यांना बोल लावू नका, "गोळ्याच तर आहेत" म्हणून झोपवूही नका, कुणीतरी सतत जवळ बसा. तसले विचार मनात येत असतील तर १४४१६ वर टेली-मानसचा फोन रात्रीबेरात्री लागतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. माझ्या दुकानाच्या शटरवर हा नंबर मोठ्या अक्षरात रंगवून घेतलाय, दुकान बंद असलं तरी दिसतो.